कोयनेलच्या सालीपासून रसायनीपर्यंत : औषधाची किल्ली कोणाच्या हातात?

मित्रहो, पोस्ट मोठी आहे. रविवारी निवांत वाचा, पण वाचा.

२०२२ च्या ऑगस्ट अखेरीस आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला केंद्राने तीन बल्क ड्रग पार्कना मान्यता दिली. हिमाचल, गुजरात आणि आंध्र. महाराष्ट्राचा प्रस्ताव रायगडमधल्या रोहा-मुरूड पट्ट्यातला होता, तो राहिला. लगेच दोन आरोळ्या उठल्या. एक, "आमचा पार्क पळवला". दुसरी तिथल्या गावांची आणि आधीपासूनचीच, "आम्हाला जमीनही द्यायची नाही आणि विषही नको". आठ-पंधरा दिवस चॅनेलवर भांडण चाललं आणि विषय संपला. या सगळ्या गदारोळात एक साधा प्रश्न कोणी विचारला नाही. तिथे नेमकं काय बनणार होतं, कशापासून, आणि कुठल्या रीतीने?

हा प्रश्न का महत्त्वाचा, ते सांगण्यासाठी आज एकाच रेणूच्या घराण्याचा इतिहास सांगतो. घराण्याचं नाव क्विनोलिन. नाव ऐकलं नसेल, पण आपल्या आजोबांनी त्याची चव घेतलेली आहे. हिवतापावरचं जुनं कडूजहर 'कोयनेल', म्हणजेच क्विनाईन. त्याच्या गाभ्यात हे क्विनोलिन बसलेलं असतं. क्लोरोक्विन, प्रायमाक्विन, करोनात गाजलेलं हायड्रॉक्सीक्लोरोक्विन, आणि औषधांना दाद न देणाऱ्या टीबीवरचं बेडाक्विलिन, ही सगळी याच घराण्यातली मंडळी.

क्विनोलिन म्हणजे काय? कपाटातली जुनी डांबरगोळी आठवा. ती नॅप्थलीनची असायची. कार्बनच्या दोन कड्या एकमेकींना चिकटलेल्या. त्यातला एक कार्बन काढून तिथे नायट्रोजन बसवला की झालं क्विनोलिन. एवढंच. पण या एवढ्याशा बदलासाठी माणसाने साम्राज्यं वापरली, जंगलं लुटली आणि नद्या घाण केल्या.

*सालीची चोरी*

सुरुवात दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतात. तिथल्या सिंकोना झाडाची साल तापावर चालते हे सतराव्या शतकात जेझुइट पाद्र्यांमार्फत युरोपात पोचलं. १८२० मध्ये पॅरिसच्या पेलेतिए आणि काव्हांतू या दोघांनी सालीतून क्विनाईन वेगळं काढलं. त्यानंतर साल मोजून न देता औषध तोलून देता येऊ लागलं. आणि गोऱ्या फौजांना हिवतापाच्या मुलखात टिकता येऊ लागलं. आफ्रिका आणि आशियातल्या वसाहती बंदुकीइतक्याच क्विनाईनच्या जोरावर उभ्या राहिल्या.

मग प्रश्न आला, झाड कोणाचं? ब्रिटिशांनी १८६० च्या सुमारास क्लेमेंट्स मार्खमला पाठवून रोपं आणि बिया पळवल्या आणि आपल्याकडे निलगिरीत, दार्जिलिंगजवळ मुंगपू इथे सिंकोनाचे मळे लावले. पण सगळ्यात कसदार बी हाती लागलं ते बोलिव्हियातल्या मानुएल इंक्रा मामानी नावाच्या स्थानिक माणसाच्या. त्याने ते चार्ल्स लेजर या इंग्रज व्यापाऱ्यासाठी गोळा केलं. ब्रिटिश सरकारने ते बी घेतलं नाही. १८६५ मध्ये डच सरकारने त्यातलं पौंडभर विकत घेतलं आणि जावा बेटावर लावलं. मामानीला पुढे त्याच्याच देशात पकडून मारहाण झाली आणि त्यात तो गेला. जावाच्या मळ्यांनी मात्र जगाचा बाजार खाल्ला. १९३० च्या दशकात जगातलं नव्वद टक्क्यांहून जास्त क्विनाईन एकट्या जावातून येत होतं.

हे लक्षात ठेवा. पुढे याची किंमत आपणच मोजणार आहोत.

*अठरा वर्षांच्या पोराचा प्रयोग*

झाडावर अवलंबून राहायचं नसेल तर क्विनाईन प्रयोगशाळेत करायला हवं. १८५६ च्या ईस्टरच्या सुट्टीत लंडनमधल्या विल्यम पर्किन नावाच्या अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याने घरातच ते करून बघितलं. त्याचे गुरू हॉफमन यांनी तशी आशा बोलून दाखवली होती. पर्किनने निव्वळ अणूंचा हिशोब मांडला. डांबरातून मिळणाऱ्या एका पदार्थाचे दोन रेणू घ्यायचे, त्यात ऑक्सिजन घालायचा, पाणी वजा करायचं, की क्विनाईनचे अणू बरोबर जुळतात. ऑक्सिजन द्यायला त्याने घेतलं पोटॅशियम डायक्रोमेट, म्हणजे क्रोमियम या धातूचं क्षार.

हिशोब बरोबर, पण घर चुकलं. अहो, तेवढ्याच विटांत वाडाही होतो आणि गोठाही. अणू कसे जोडलेत हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं. पर्किनच्या हाती तांबूस-तपकिरी गाळ लागला. मग त्याने तोच प्रयोग ॲनिलीन या आणखी साध्या पदार्थावर केला. काळा गाळ मिळाला आणि त्यातून निघाला जांभळा रंग, 'मॉव्ह'. क्विनाईन नाही मिळालं, पण कृत्रिम रंगांचा धंदा जन्माला आला. याच रंगधंद्यातून पुढे जर्मनीच्या बड्या रसायन कंपन्या उभ्या राहिल्या. त्यांनी १८९७ मध्ये कृत्रिम नीळ बाजारात आणली आणि आपल्या बिहारमधल्या निळीच्या शेतीचं गणित मोडलं. चंपारणच्या लढ्यामागे हाही धागा आहे.

*डांबर, चरबी आणि एक उरलेला हायड्रोजन*

क्विनोलिन स्वतः मात्र तोवर सापडलं होतं. १८३४ मध्ये रुंगे या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला ते दगडी कोळशाच्या डांबरात मिळालं. १८४२ मध्ये फ्रान्सच्या गेऱ्हार्टला सिंकोनाच्या सालीतले पदार्थ अल्कलीबरोबर तापवताना मिळालं. नंतर कळलं, दोन्ही एकच. झाडाच्या सालीत जे आहे तेच कोळशाच्या घाणीत आहे!

खरी कलाटणी दिली ती व्हिएन्नाच्या झ्डेन्को स्क्राउपने, १८८० मध्ये. त्याची कृती आज वाचली तरी गंमत वाटते, कारण सामान अगदी साधं आहे. डांबरातल्या बेन्झीनपासून केलेलं ॲनिलीन. चरबीपासून, म्हणजे साबणाच्या धंद्यातून निघणारं ग्लिसरीन. आणि सल्फ्युरिक ॲसिड. ॲसिडमध्ये तापलं की ग्लिसरीनमधलं पाणी निघून जातं आणि ॲक्रोलिन तयार होतं. कढईत तेल जळल्यावर डोळे चुरचुरतात ना, त्या धुरात तेच असतं. हे ॲक्रोलिन ॲनिलीनला जाऊन चिकटतं आणि दुसरी कडी बंद होते.

आता शेवटची पायरी. कडी बंद झाली तरी तिच्यावर दोन हायड्रोजन जास्तीचे बसलेले असतात. ते काढून घेतल्याशिवाय खरं क्विनोलिन होत नाही. हायड्रोजन काढून घेणं म्हणजेच ऑक्सिडेशन. मग तो हायड्रोजन घेणार कोण?

आज जी भांडणं आपल्या नद्या-खाड्यांच्या काठी चालतात त्यांची एक मुळी या प्रश्नात आहे. कारण जो हायड्रोजन घेतो, तो नंतर कचरा म्हणून उरतो.

स्क्राउपने त्यासाठी नायट्रोबेन्झीन वापरलं. ते विषारी. शिवाय ही क्रिया कधीकधी एकदम भडकते, भांड्यातून उसळून बाहेर येते. तिला आवरायला पुढे फेरस सल्फेट घालायची पद्धत पडली. काहींनी नायट्रोबेन्झीनऐवजी आर्सेनिकचं ॲसिड वापरलं. क्रिया शांत चालते, पण मागे आर्सेनिक उरतं. आणि आर्सेनिक हे मूलद्रव्य आहे. ते जाळा, पुरा, पाण्यात सोडा, संपत नाही. फक्त जागा बदलतं.

हा जुना किस्सा आहे असं समजू नका. आपल्या गडचिरोलीत हिवताप झालेल्या पेशंटला आशाताई चौदा दिवस जी गोळी देतात, ती प्रायमाक्विन. यकृतात लपून बसलेल्या व्हायव्हॅक्स जंतूला ती मारते. तिचा गाभा तयार करण्याची पारंपरिक रीत स्क्राउपचीच आहे, आणि तीही आर्सेनिकवाली. देशाला २०३० पर्यंत हिवताप संपवायचा आहे. त्यासाठी ही गोळी लागणारच. म्हणून "रसायन नको" म्हणून सुटका नाही. प्रश्न रीतीचा आहे.

*जावा पडलं तेव्हा*

१९४२ च्या मार्चमध्ये जपानने जावा घेतलं आणि जगाचा क्विनाईनचा नळ बंद झाला. अमेरिकेची धावपळ झाली, कारण पॅसिफिकमध्ये गोळ्यांइतकेच सैनिक हिवतापाने पडत होते. १९४४ मध्ये वुडवर्ड आणि डोअरिंग यांनी प्रयोगशाळेत क्विनाईनपर्यंत जाणारा रस्ता दाखवला. वर्तमानपत्रांनी डोक्यावर घेतलं, पण तो रस्ता कारखान्यात चालण्यासारखा नव्हता.

कामाला आलं ते दुसरंच. बायरच्या हान्स आंडरसागने १९३४ मध्ये क्लोरोक्विन तयार केलं होतं. जास्त विषारी म्हणून जर्मनांनी ते बाजूला ठेवलं. युद्धात अमेरिकनांनी ते पुन्हा तपासलं आणि ते उत्तम निघालं. स्वस्त, साधं, परिणामकारक. पुढची काही दशकं जग त्याच्यावर जगलं.

आणि आपण? आपल्याकडे मळे होते, पण ते गरजेला पुरणारे नव्हते. १९४३ चा बंगालचा दुष्काळ आपण भुकेचा म्हणून ओळखतो. त्यात खंगलेल्या माणसांना मारणाऱ्यांत हिवताप अगदी पुढे होता, आणि क्विनाईन मिळत नव्हतं. ज्या देशात रोनाल्ड रॉसने १८९७ मध्ये सिकंदराबादेत डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू पकडला, त्याच देशात औषधावाचून माणसं मेली. ज्ञान इथे सापडलं होतं, कच्चा माल मात्र दुसऱ्याच्या ताब्यात होता.

*रसायनी नावाचं उत्तर*

स्वातंत्र्याच्या वेळी देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप होतो आणि आठ लाख मरतात असा अंदाज होता. १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. डीडीटीची फवारणी आणि क्लोरोक्विन. साठच्या दशकाच्या सुरुवातीला रुग्णसंख्या लाखाच्या आत-बाहेर आली. (१९७६ मध्ये ती परत ६४ लाखांवर गेली, तो वेगळा लेख आहे.)

त्या पिढीला एक गोष्ट नीट कळली होती. गोळी दाबणं म्हणजे औषध बनवणं नव्हे. गोळीतली पावडर, त्या पावडरीमागचं इंटरमीजिएट, आणि त्याच्याही मागचं ॲनिलीन-नायट्रोबेन्झीन हे आपलं असेल, तरच औषध आपलं. १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स सुरू झाली. १९६० मध्ये हिंदुस्तान ऑर्गॅनिक केमिकल्स, म्हणजे आपली एचओसी, स्थापन झाली आणि पाताळगंगेच्या काठी रसायनीला तिचा कारखाना उभा राहिला. तिथे काय बनायचं? नायट्रोबेन्झीन. ॲनिलीन. म्हणजे स्क्राउपच्या कृतीतले दोन मुख्य जिन्नस! रंग, रबर, औषधं, सगळ्यांना लागणारं हे साधं सामान सरकारी कारखाना देशातल्या देशात करू लागला.

मग उदारीकरण आलं. आयात स्वस्त झाली. कारखान्याची यंत्रं जुनी, क्षमता लहान, तोटा वाढत गेला. मे २०१७ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने रसायनीचे न परवडणारे प्लांट बंद करायचा निर्णय घेतला. रॉकेटच्या इंधनासाठी लागणारा एक प्लांट तेवढा इस्रोकडे दिला. जमिनीचा मोठा भाग भारत पेट्रोलियमला. आपल्याकडे त्याची बातमी झाली ती कामगारांच्या थकबाकीची आणि जमिनीच्या भावाची. देशाच्या औषधाच्या मुळातला एक तुकडा गेला, हे फार थोड्यांनी लिहिलं.

तीन वर्षं गेली नाहीत तोच २०२० उजाडलं. हायड्रॉक्सीक्लोरोक्विनसाठी जगाने भारताकडे हात पसरले. २५ मार्चला आपण निर्यात रोखली, एप्रिलमध्ये पुन्हा सोडली. छाती फुगली. (ते औषध करोनावर चालत नाही हे जूनमध्येच ब्रिटनच्या मोठ्या चाचणीत दिसलं.) पण त्याच महिन्यात सरकारच्याही लक्षात आलं होतं की आपण बाहेरून जी बल्क औषधं आणतो त्यातली सुमारे दोन तृतीयांश चीनमधून येतात. म्हणून मार्च २०२० मध्येच ६,९४० कोटींची प्रोत्साहन योजना आणि बल्क ड्रग पार्कची घोषणा झाली.

आणि आणखी एक गोष्ट झाली, ती कमी लोकांना माहीत आहे. २७ मार्च २०२०, देश टाळेबंदीत. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने अधिसूचना काढून बल्क औषधांचे नवे प्रस्ताव 'बी-२' गटात टाकले. मराठीत अर्थ असा, की पर्यावरण परिणामाचा सविस्तर अहवाल नको आणि जनसुनावणीही नको. आधी सहा महिन्यांपुरती म्हणाले, पुढे मुदत वाढवली. घाई समजू शकतो. पण घाईत वगळलं काय, तर नेमका तोच प्रश्न : हायड्रोजन कोण घेणार, आणि कचरा कुठे जाणार?

*मग दुसरी रीत आहे का?*

आहे, आणि म्हणून तर हे लिहितोय.

२००१ मध्ये दक्षिण कोरियातल्या शास्त्रज्ञांनी क्विनोलिनची एक वेगळी कृती दाखवली. रुथेनियम हा धातू, तोही उत्प्रेरक म्हणून, म्हणजे किंचितसा. उत्प्रेरक हा लग्न जुळवणाऱ्या मध्यस्थासारखा. सोयरीक जमवतो आणि स्वतः मोकळा होऊन पुढच्या घरी जातो. त्यांनी ॲनिलीनच्याच जातीचं एक अल्कोहोल आणि साधं किटोन घेतलं. धातू अल्कोहोलवरचा हायड्रोजन उचलतो, त्याचं अल्डिहाइड होतं, ते किटोनला जाऊन जोडलं जातं, पाणी बाहेर पडतं आणि कडी बंद. १८८२ ची फ्रीडलेंडरची कृती अशीच कडी बंद करते, पण तिला लागणारं अल्डिहाइड आयतं हवं, आणि ते नाजूक, टिकत नाही. इथे टिकाऊ अल्कोहोलपासून ते भांड्यातच तयार होतं.

त्यानंतर जगभर, आपल्या देशातल्या प्रयोगशाळांतही, या दिशेने खूप काम झालं. महाग रुथेनियमऐवजी तांबं, लोखंड, मँगनीज, कोबाल्ट, निकेल. आणि हायड्रोजन घ्यायला आर्सेनिक किंवा नायट्रोबेन्झीनऐवजी चक्क हवेतला ऑक्सिजन. तसं झालं तर मागे उरतं ते मुख्यतः पाणी. पर्किनने डायक्रोमेट वापरलं होतं ते जितका माल तितक्या हिशोबात. इथे धातू चिमूटभर आणि बाकीचं काम हवा करते.

लगेच टाळ्या वाजवू नका. प्रयोगशाळेतल्या काचेच्या फ्लास्कमध्ये जे होतं ते पाच हजार लिटरच्या रिअॅक्टरमध्ये होतंच असं नाही. तापलेलं सॉल्व्हंट आणि हवा एकत्र म्हणजे आगीचा धोका, त्याची वेगळी व्यवस्था लागते. औषधात धातूचा अंश राहून चालत नाही, तो काढायला खर्च येतो. सॉल्व्हंटचा कचरा राहतोच. प्रत्येक औषधाला हीच रीत बसेल असंही नाही. क्लोरोक्विनचा गाभा वेगळ्याच रस्त्याने बनतो. पण दिशा स्पष्ट आहे. जुनी घाण हा निसर्गाचा नियम नव्हता. ती एक निवड होती, स्वस्त पडली म्हणून केलेली. आणि स्वस्त पडली, कारण कचऱ्याचा खर्च कारखान्याच्या वहीत नाही, नदीच्या आणि खाडीच्या नावावर लिहिला गेला. दाभोळ खाडीतल्या मच्छीमारांना विचारा, लोट्याच्या सांडपाण्याबद्दल ते किती वर्षं बोलतायत.

*आपण काय विचारायचं*

अजून एक गोष्ट सांगतो, म्हणजे 'आपल्यासारख्यांच्या विचारण्याने काय होतंय' हा प्रश्न सुटेल. बेडाक्विलिन २०१२ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. टीबीच्या जुन्या इंजेक्शनांनी पेशंटची श्रवणशक्ती जायची, त्यांना हा पर्याय होता. पण पेटंट होतं आणि किंमत परवडणारी नव्हती. कंपनीने औषधाच्या क्षाराच्या रूपावर भारतात आणखी एक पेटंट मागितलं, म्हणजे मक्तेदारी २०२३ च्या पुढे चार वर्षं लांबली असती. त्याला मुंबईच्या नंदिता व्यंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा तिसिले यांनी हरकत घेतली. दोघी टीबीतून वाचलेल्या, दोघींची श्रवणशक्ती औषधांनी गेलेली. नंदिता पत्रकार. मार्च २०२३ मध्ये भारतीय पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला, जुलैत मूळ पेटंट संपलं आणि भारतीय कंपन्यांना हे औषध बनवायची वाट मोकळी झाली. ऐकू न येणाऱ्या दोन मुलींनी नेमका प्रश्न नेमक्या जागी विचारला, बस्स.

तर उद्या आपल्या तालुक्यात औषधाचा किंवा रसायनाचा कारखाना येतोय असं कळलं, तर "पाहिजे" किंवा "नको" एवढ्यावर थांबू नका. ग्रामसभेत, जनसुनावणी होत असेल तिथे, नसेल तर ती का नाही हे विचारत, आमदारांच्या दारात, हे चार प्रश्न घेऊन जा :

१. इथे नेमकं कोणतं रसायन बनणार, आणि त्याचा कच्चा माल देशातला की बाहेरचा?

२. ऑक्सिडेशनची पायरी आहे का? असेल तर त्याला काय वापरणार? क्रोमियम, आर्सेनिक, नायट्रोबेन्झीन, की हवा?

३. एक किलो मालामागे कचरा किती किलो, आणि तो कुठे जाणार?

४. याहून स्वच्छ रीत उपलब्ध असेल तर ती का नाही? खर्च जास्त असेल तर किती, आणि सरकारी प्रोत्साहनाचा पैसा त्यासाठी का देत नाही?

चौथा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. जनतेच्या पैशातून कारखान्याला सवलत मिळत असेल, तर रीत कोणती हे विचारायचा हक्क जनतेचा आहे. रसायनीसारखे कारखाने आपल्याला पुन्हा हवेत, यात शंका नाही. १९४३ परत नको असेल तर ॲनिलीनही इथेच बनलं पाहिजे आणि गोळीही. पण त्यासाठी पाताळगंगा, सावित्री किंवा वाशिष्ठीने मामानीसारखं मुकाट मार खात मरावं, हे मान्य नाही.

झाडाची साल ज्याच्या ताब्यात होती त्याने दोनशे वर्षं जगाला नाचवलं. आता साल नाही, पण साधा कच्चा माल आणि तो जोडायची रीत ज्याच्याकडे, त्याच्याच हातात किल्ली. ती आपल्याकडे असावी, आणि स्वच्छ हातांनी धरलेली असावी.

पटलं तर पुढे पाठवा. आपल्या भागातल्या एमआयडीसीत काय बनतं हे ज्यांना माहीत आहे, विशेषतः तिथे काम करणाऱ्या केमिस्ट आणि ऑपरेटर मित्रांनी, कमेंटमध्ये जरूर लिहा. यावर आपण बोलत राहू.